शंकरपट

पौष महिना सरत आला म्हणजे भंडारा जिल्ह्यातील बांध्या ओळखू येत नाहीत. श्रावणात ज्या ठिकाणी पोटरीइतक्या चिखलात बायका वाकून रोवणी करीत होत्या, तेथेच आता जमीन वाळून टणक झालेली असते. धान कापून झालेले, पुंजणे मळून झालेले, आणि उरलेल्या धसकटांतून गुरे मोकळी फिरत असतात. अशा वेळी एखाद्या गावाबाहेर चारपाच बांध्यांचे धुरे फोडून, ढेकळे ठेचून, पाणी मारून एक लांब सरळ पट्टा तयार केलेला दिसला की समजावे, येथे पट भरणार. आमच्या लहानपणी पटाला जाणे म्हणजे नुसती बैलांची शर्यत पाहणे नव्हते. सोयऱ्याधायऱ्यांचा पाहुणचार घेणे, मुलीसाठी स्थळ हेरणे, जोडीचा सौदा करणे आणि रात्रभर नाटक पाहून पहाटे डोळे चोळीत घरी येणे, एवढा अर्थ त्या दोन अक्षरांत सामावलेला असे.

गेल्या माघात बऱ्याच वर्षांनी आम्हांस पट पाहण्याचा योग आला. आमचे आजोळ साकोलीकडचे. तेथील भाचा आम्हांस मोटारसायकलवर बसवून घेऊन गेला. हा भाचा वेगाचा भोक्ता. मोटारसायकलींच्या शर्यती तो दूरदर्शक यंत्रावर तासन् तास पाहतो, आणि घरातील वडीलधाऱ्यांचा डोळा चुकवून आपणही कोठे कोठे त्यांत भाग घेऊन आला आहे, असा आम्हांस संशय आहे. वाटेत आम्ही त्यास सहज म्हणालो की, एवढा लांबून येऊन, दिवसभर उन्हात बसून, शेवटी पळावयाचे ते दहापाच सेकंद; यात मनुष्यास काय मिळत असेल? तो गाडी न थांबविता म्हणाला, "मामाजी, आमच्या शर्यतीत पण असंच असते. दिवस सारा वाट पाहण्यात जाते." हे उत्तर आम्ही त्या वेळी हसण्यावारी नेले, परंतु संध्याकाळपर्यंत त्याचा खरेपणा आम्हांस पुरता पटला.

इंग्लंडात ब्रुकलँड्स येथे १९०७ साली सिमेंट काँक्रीटची उतरत्या कडांची पहिली मोठी धावपट्टी बांधण्यात आली, आणि त्याच वर्षी आयल ऑफ मॅन या बेटावर मोटारसायकलींची प्रसिद्ध शर्यत सुरू झाली. तेव्हापासून या खेळाचा एक ठराविक मनुष्य तयार झाला आहे. तो पैशासाठी पळत नाही. पदरचे पैसे भरून नाव नोंदवितो, आपले यंत्र पहाटे आपणच वाहून आणतो, तपासनिसापुढे उभे करतो, क्रमांकाची वाट पाहतो, काही क्षण जीव मुठीत धरून पळतो आणि बहुधा हरून घरी जातो. पुढल्या खेपेस पुन्हा येतो. आपल्याकडे मद्रासजवळ शोलावरम येथे दुसऱ्या महायुद्धात बांधलेली विमानांची धावपट्टी युद्धानंतर ओस पडली, तेव्हा अशाच हौशी मंडळींनी तीवर मोटारी आणि मोटारसायकली पळविण्यास आरंभ केला, व पुढे कित्येक वर्षे देशातील या खेळाचे ते मुख्य स्थान होऊन बसले. युद्ध संपल्यावर रिकामी राहिलेली धावपट्टी आणि पीक निघाल्यावर रिकामी राहिलेली बांधी यांत आम्हांस फारसा भेद दिसत नाही. गंभीर कामाची जागा काही काळ मोकळी पडली म्हणजे मनुष्य तेथे वेग शोधू लागतो.

भंडाऱ्याकडील पटाचा इतिहास हा मुख्यतः या मोकळ्या जागेचा आणि मोकळ्या वेळेचा इतिहास आहे. हा मुलूख तळ्यांचा. गोंड राजांच्या काळी येथे कोहळी लोकांनी माळावरील ओढे अडवून शेकडो तळी बांधली. नवेगावचा अफाट बांध कोलू पाटील कोहळी याने बांधला, हे तर प्रसिद्धच आहे. तो आता गोंदिया जिल्ह्यात आहे. कारण १ मे १९९९ रोजी भंडाऱ्याचे दोन जिल्हे झाले. परंतु पूर्वीची मंडळी अजून त्यास आपलाच म्हणतात, आणि आमचीही जीभ त्यांच्याच बाजूची आहे. तळ्याखाली धान, आणि धानाखाली सारे जीवन. कापूस-ज्वारीच्या वऱ्हाडात शेतकऱ्याची कामे वर्षभर पांगलेली असतात. धानाच्या मुलखात ती पावसाळ्यात एकदम अंगावर येतात आणि मार्गशीर्षात एकदम संपतात. बैलाचेही तसेच. आषाढ-श्रावणात चिखलणी करताना त्यास श्वास घेण्यास फुरसत नसते. पुढे धान घरी वाहून आणणे आणि खळ्यावर तुडविणे झाले की दोन महिने त्यास काम नाही, आणि नुकताच सुगीचा चारा खाऊन तो अंगाने भरलेला असतो. धन्याच्या कनवटीस धानाचा पैसा आणि दावणीस रिकामा, मातलेला बैल, अशी ही वेळ. पट पौष ते फाल्गुन एवढ्याच काळात का भरावा, याचे कारण पंचांगात शोधण्यापेक्षा या दावणीपाशी शोधावे.

कर्नाटकाच्या किनाऱ्यावरील लोकही धान पिकविणारेच. परंतु ते आपले रेडे पाण्याने भरलेल्या चिखलाच्या बांधीतूनच पळवितात. त्यास कंबळा म्हणतात. जावा बेटाजवळील मदुरा बेटावरही बैलांच्या शर्यती फार नावाजलेल्या आहेत. आमच्या झाडीतील मनुष्य मात्र चिखल वाळण्याची वाट पाहतो. चिखलात बैलाने काम करावे आणि कोरड्यावर खेळावे, असा त्याचा हिशेब दिसतो.

नावाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. पश्चिम महाराष्ट्रात ज्यास बैलगाड्यांची शर्यत म्हणतात, त्यासच विदर्भात शंकरपट असे नाव आहे. शंकराचे वाहन नंदी, म्हणून शंकराचा पट, ही व्युत्पत्ती खेड्यातील कोणीही सांगतो, आणि ती नाकारण्याचे आम्हांस कारण दिसत नाही. पट म्हणजे पसरलेले वस्त्र. आखून, झाडून, पाणी मारून तयार केलेली ती लांब सरळ जमीन वरून पाहिली असता खरोखरच उलगडून टाकलेल्या धोतरासारखी दिसते. बुद्धिबळाचा आणि सोंगट्यांचा पट असतो तसाच हाही खेळाचा पट. जी हलकी, दोन चाकांची गाडी बैलांस जुंपतात तिला छकडा म्हणतात, आणि ती हाकणाऱ्यास धुरकरी. कोठे दोन जोड्या शेजारशेजारच्या दोन वाटांवरून एकदम सोडतात. कोठे एकेक जोडी सोडून घड्याळाने वेळ मोजतात. पूर्वी डोळ्यांचा निवाडा चाले आणि त्यावरून डोकी फुटत. आता सेकंदाचे शंभर भाग करणारे यंत्र आल्यापासून डोकी पुष्कळच सुरक्षित झाली आहेत.

आता, बैल हा शर्यतीचा प्राणी नव्हे, घोड्याची बरोबरी त्याने काय करावी, असे पुष्कळ सुशिक्षितांस वाटते. ग्रीक लोकांनी ऑलिंपिया येथे इसवी सनापूर्वी ५०० मध्ये खेचरांच्या गाड्यांची शर्यत सुरू केली आणि ४४४ मध्ये ती बंद केली; घोड्यांच्या रथांपुढे तीस प्रतिष्ठा लाभली नाही. आमच्याकडील परंपरा निराळी आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात मुद्गल आणि त्याची पत्नी मुद्गलानी यांचे एक सूक्त आहे. त्यात रथाला जुंपलेला आहे तो बैल. त्याच्या जोडीस दुसरा बैल नाही, तर एक लाकडी सोट बांधलेला आहे. आणि रथ हाकणारी आहे मुद्गलानी. अशा विचित्र जोडीने ती शर्यत जिंकते आणि गाई मिळविते. सूक्ताचा अर्थ लावताना पंडितांत मतभेद पुष्कळ आहेत. परंतु बैल धावला आणि बाईने त्यास हाकले, एवढे निश्चित. अमरावती जिल्ह्यात तळेगाव दशासर येथील पट फार नामांकित. तेथे अलीकडे स्त्रियांचाही स्वतंत्र पट भरतो, आणि शेतकऱ्यांच्या सुना-मुली छकड्यावर पाय रोवून जोड्या सोडतात. हे वर्तमानपत्रात वाचून आमच्या एका स्नेह्यांस धक्का बसला. आम्ही त्यांस मुद्गलानीचे स्मरण करून दिले.

बैलाच्या वेगास व्यवहारातही किंमत होती. वर्धा, नागपूर आणि छिंदवाडा या टापूतील गौळाऊ जातीचे पांढुरके बैल अंगाने हलके, पायाने लांब आणि चालीस तडफदार. मराठ्यांच्या फौजांचे सामान घाटाडोंगरांतून त्वरेने नेण्यासाठी ही जात जोपासली गेली, असे पशुविद्येच्या ग्रंथांत सांगितलेले असते. नागपूरकर भोसल्यांचे राज्य तिसऱ्या रघुजींच्या मृत्यूनंतर १८५३-५४ मध्ये खालसा झाले आणि भोसल्यांच्या फौजा गेल्या. पुढे आगगाडी आली आणि लांबच्या वाहतुकीतूनही बैल उठला. त्याचे पाय मात्र राहिले. आमच्या मते गेल्या दीडशे वर्षांत त्या पायांस पटासारखा दुसरा कदरदान मिळाला नाही.

हे झाले पूर्ववृत्त. आता ज्या मनुष्यासाठी आम्ही हा लेख लिहावयास घेतला, त्याच्याकडे वळू.

पटाच्या कडेला एका मोहाच्या झाडाखाली आपली जोडी बांधून एक चाळिशीतील शेतकरी बसला होता. वैनगंगेच्या पलीकडून, पवनीच्या बाजूने आलेला. चार एकर धान एवढीच त्याची मिळकत. रात्री तीन वाजता उठून त्याने बैलांस पाणी दाखविले होते, थोडेसेच खावयास घातले होते, आणि भाड्याच्या टेम्पोत गवत अंथरून त्यांस उभे केले होते. आल्याबरोबर जनावरांच्या डॉक्टरचा दाखला दाखविणे झाले, प्रवेशाचे पैसे भरणे झाले, क्रमांक मिळणे झाले. तो फार मागचा. तेव्हापासून तो बसून होता. बसून होता म्हणजे स्वस्थ होता असे नव्हे. दर अर्ध्या तासाने उठून तो एका बैलाचे पाय तळव्याने चोळी, दुसऱ्याच्या अंगावरची झूल सारखी करी, आणि पटावर सुटलेली प्रत्येक जोडी टाचा उंचावून पाही. शिदोरी त्याने सोडलीच नाही. जोडी पळाल्यावाचून अन्न गोड लागत नाही, असे म्हणाला. छकड्यावर तो स्वतः बसणार नव्हता. धुरकरी जितका हलका तितका बरा, म्हणून पुतण्यास आणले होते. अठरावीस वर्षांचा तो पोरगा कोठे गर्दीत हिंडत होता, आणि काका दर थोड्या वेळाने त्याच्या नावाने हाका मारीत होता.

आम्ही त्यास खर्चाचे विचारले. तो थोडा लाजला. मग म्हणाला, "गुरुजी, शेत आता टॅक्टर करते. हे बैल आमी मनासाठी ठेवतो." बायको काही म्हणत नाही काय, असे विचारता तो म्हणाला की, म्हणते, पण तीच पहाटे उठून त्यांस ओवाळून पाठविते.

दुपारी साडेतीनच्या सुमारास त्याचा क्रमांक आला. छकड्यास बैल जुंपताना चार माणसे लागली, कारण पट समोर दिसताच डावा बैल उभा राहीना. मालकाचा चेहरा त्या वेळी पाहण्यासारखा झाला होता. विद्यापीठाच्या परीक्षेचा निकाल लावण्यापूर्वी मुलांचे चेहरे होतात तसा. खूण झाली. पुढे आम्हांस दिसले ते एवढेच की धूळ उठली, लोक ओरडले, आणि पट्ट्याच्या त्या टोकास ती धूळ विरू लागली. किती वेळ झाला हे ध्वनिवर्धकावरून सांगितले गेले तेव्हा मालक आमच्या शेजारीच उभा होता. पहिल्या काही जोड्यांत त्याची गणना होणार नाही, हे उघड झाले. तो एक शब्दही बोलला नाही. पट्ट्याच्या कडेने लगबगीने चालत तो दुसऱ्या टोकास गेला, आणि आम्ही पाहिले तो दोन्ही हातांनी त्या डाव्या बैलाचे तोंड धरून त्याच्या कानाशी काही पुटपुटत होता.

येथे आम्हांस आमच्या आयुष्यातील एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. ती सांगितल्यावाचून पुढील कायद्याची कथा आम्ही निःपक्षपातीपणाने सांगतो, असे म्हणण्याचा आम्हांस अधिकार नाही. आमच्या मामांचीही पटाची जोडी होती. आम्ही सातआठ वर्षांचे असताना ती एका पटात पहिली आली. गुलाल उधळला गेला, मामांस फेटा बांधला, आम्हांस छकड्यावर बसवून गावातून मिरविले. रात्री गोठ्यात कंदील घेऊन मामी गेली, तिच्यामागून आम्ही. तेव्हा त्या बैलाच्या मागल्या मांडीवर रक्ताचे ओघळ सुकलेले आम्ही पाहिले. तुतारीच्या टोकाची आर तेथे एकदा नव्हे, पुष्कळदा रुतली होती. मामी हळद आणि तेल लावीत होती, आणि बैलाचे कातडे प्रत्येक बोटासरशी थरथरत होते. आम्ही मामीस विचारले, हे कोणी केले? ती म्हणाली, "पटात असंच होते." मामा क्रूर नव्हते. पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदशेकणीस, ते स्वतः तूप-हळद कालवून त्याच बैलाच्या खांद्यास लावीत, आणि जुवाने पडलेल्या घट्ट्यांवरून असा हात फिरवीत की आईनेही लेकराच्या पाठीवरून तसा फिरवू नये. आर टोचणारा हात आणि तूप लावणारा हात एकच होता. लहानपणी आम्हांस त्यात काही विसंगत वाटले नाही. गुलालाचाच आनंद मोठा होता. ती मांडी आम्हांस पुन्हा आठवली ती पुढे सुमारे पस्तीस वर्षांनी, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचताना.

प्राण्यांना निर्दयतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा या देशात १९६० साली झाला. त्याच्यामागे प्रेरणा होती नृत्यकलेने विख्यात असलेल्या रुक्मिणीदेवी अरुंडेल यांची. राज्यसभेत त्यांनीच प्रथम यासाठी विधेयक मांडले होते. या कायद्यान्वये काही प्राणी खेळ करून दाखविण्यासाठी शिकविण्यास मनाई करण्याचा अधिकार मध्यवर्ती सरकारास आहे. सिंह, वाघ, अस्वल, माकड यांच्या त्या यादीत ११ जुलै २०११ च्या अधिसूचनेने बैलाचेही नाव आले. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूतील जल्लिकट्टू आणि महाराष्ट्रातील बैलांच्या शर्यती या दोहोंसही मनाई केली. न्यायालयाने म्हटले ते थोडक्यात असे की, बैलाची शरीररचना घोड्यासारखी धावण्यासाठी झालेली नाही. तो ओझे ओढणारा प्राणी आहे, आणि भय व वेदना यांवाचून तो शर्यतीत धावत नाही. हे वाचताना आम्ही मनातल्या मनात वाद घालीत होतो, दाखले शोधीत होतो, मुद्गलानीसही साक्षीस बोलाविले; परंतु वेदनेच्या वाक्यापाशी आमचा वाद थांबला. तेथे आम्ही साक्षीदार होतो.

त्यापुढील नऊ वर्षे कज्जेखटल्यांची आहेत. जानेवारी २०१६ मध्ये मध्यवर्ती सरकारने नवी अधिसूचना काढून शर्यतींस वाट करून दिली. पाचच दिवसांत न्यायालयाने तिला स्थगिती दिली. २०१७ च्या आरंभी मद्रासच्या समुद्रकिनाऱ्यावर तरुणांचे मोठे आंदोलन झाले. त्यानंतर तामिळनाडूने, आणि त्याच वर्षी महाराष्ट्रानेही, मूळ कायद्यात आपापल्या राज्यापुरती दुरुस्ती केली. महाराष्ट्राच्या दुरुस्तीने शर्यतीस जिल्हाधिकाऱ्याची परवानगी आवश्यक ठरविली आणि बैलास इजा करणारास जबर दंड व कैद सांगितली. नियमांनी धाव एक हजार मीटरपेक्षा अधिक लांब असू नये, असे बंधन घातले. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये या कायद्यान्वये शर्यती भरविण्यास मनाई केली. ती सर्वोच्च न्यायालयाने १६ डिसेंबर २०२१ रोजी उठविली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने हे राज्यांचे कायदे ग्राह्य ठरविले.

या मधल्या काळात शेतकऱ्याची जी कोंडी झाली तिचा विचार शहरात फारसा झाला नाही. २०१४ साली पट बंद. २०१५ साली राज्यात गाईप्रमाणेच बैलाच्याही हत्येस बंदी झाली. आणि दारात ट्रॅक्टर उभा. बैल नांगरास नको, पटास नको, आणि म्हातारा झाल्यावर त्यास गिऱ्हाईकही नाही. करुणेचे म्हणून जे जे कायदे झाले त्यांतील प्रत्येकाचा हेतू आम्हांस मान्य आहे. परंतु त्या सर्वांचा भार एकाच दावणीवर पडला, आणि ती दावण भरण्यास त्या कायद्यांचा कैवार घेणारा कोणी आला नाही.

दुसरी हानी झाली ती कलेची. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांच्या झाडीपट्टीची रंगभूमी ही महाराष्ट्रातील एक अद्भुत वस्तू आहे. दिवाळीनंतर मंडई भरू लागते, तेव्हापासून होळीपर्यंत येथे रात्रभर नाटके चालतात. वडसा हे या नाटक मंडळ्यांचे मुख्य ठाणे. दंडार आणि खडी गंमत या जुन्या लोकनाट्यांच्या मातीत ही रंगभूमी उगवली. तिच्या एका जुन्या नटास, परशुराम खुणे यांस, २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्या-मुंबईच्या कित्येक रसिकांनी झाडीपट्टी कोठे आहे हे नकाशात पाहिले असेल. या नाटकांचे आणि पटाचे नाते साधे आहे. दहा कोसांवरून बैलजोडी घेऊन आलेला पाहुणा रात्री परत कसा जाणार? त्यास मुक्काम हवा आणि मुक्कामास करमणूक हवी. म्हणून ज्या गावी पट त्या गावी नाटक. पट बंद झाले तेव्हा मंडईची नाटके राहिली. परंतु पटाच्या निमित्ताने होणाऱ्या रात्री गेल्या, आणि त्या रात्रींवर पोट असलेली नट, गायक, पडदेवाले, चहावाले ही मंडळी न्यायालयात वादी नव्हती की प्रतिवादी. जल्लिकट्टूवर हजारो पाने लिहिली गेली. झाडीपट्टीतील नाटकांवर त्या निकालाचा काय परिणाम झाला, हा विषय आमच्या विद्यापीठांतील कोणा संशोधकाने घ्यावयास हरकत नाही.

आता पट पुन्हा सुरू झाला आहे. आम्ही पाहिला त्या पटावर पोलीस होते, चित्रण करणारा मनुष्य होता, आणि तुतारी कोणाच्याही हाती दिसली नाही. हा बदल लहान नव्हे. मात्र खरे सांगावयाचे तर शेपटीकडे जाणारा हात आम्ही दोनतीनदा पाहिला, आणि तो पाहून शेजारच्या लोकांस काही वाटल्याचे दिसले नाही. कायदा काठी काढून घेऊ शकतो. हात कसा काढून घेणार? तथापि, आरेची जखम जो पोरगा आज पाहणारच नाही, त्यास ती मोठेपणी नैसर्गिकही वाटणार नाही, अशी आम्ही आशा करतो.

पटामुळे देशी गोवंश वाचतो, असे त्याचे कैवारी म्हणतात. हे आम्हांस अर्धेच पटते. धानाच्या मुलखाचा खरा बैल म्हणजे कठाणी. लहान चणीचा, काटक, चिखलात न फसणारा, थोडक्या चाऱ्यावर राहणारा. गडचिरोली-भंडाऱ्याकडील या जातीस आता शास्त्रीय नोंदीत स्वतंत्र स्थान मिळाले आहे. परंतु त्या दिवशी पटावर आम्हांस दिसल्या त्या उंच, लांब पायांच्या, मोठ्या किमतीच्या जोड्या. ज्याने पिढ्यान् पिढ्या चिखल तुडवून हा पट शक्य केला, तो बैल पटावर नव्हता. पट जिवंत राहील तर वेगवान बैल राहील. कठाणीस त्याचा काय उपयोग? आणि आणखी एक चमत्कार. पश्चिम महाराष्ट्रात अलीकडे बैलांच्या मोठ्या शर्यतींत बक्षीस म्हणून मोटारसायकली, ट्रॅक्टर, इतकेच काय तर मोटारगाड्याही देतात. म्हणजे बैलाने जीव तोडून धावावे आणि ज्याने आपणास शेतातून हाकलून दिले तोच धन्याच्या दारी जिंकून आणावा. हे आम्ही भाच्यास सांगितले तेव्हा तो खो खो हसला, आणि कोणत्या कंपनीची मोटारसायकल देतात, हे विचारू लागला.

दिवे लागले तेव्हा बक्षिसे वाटणे चालू होते. पवनीकडील तो शेतकरी तिकडे गेला नाही. त्याने प्रथम बैलांस पाणी पाजले, मग ढेप चारली, आणि मग सकाळपासून बांधून ठेवलेली शिदोरी सोडून पुतण्यास अर्धी दिली. पुतण्या आपण डावीकडे जरा दाबून हाकले असते तर, असे काही सांगू लागला. काकाने त्यास हातानेच गप्प केले. आम्ही निरोप घेण्यास गेलो तेव्हा तो म्हणाला की, पुढला पट पंधरा दिवसांनी आहे, त्या वेळी डाव्या बैलाची भीती मोडलेली असेल. नाटकास थांबत नाही काय, असे आम्ही विचारले. टेम्पोवाल्यास रात्रीचे जादा पैसे द्यावे लागतील, म्हणून निघतो, असे तो म्हणाला. पण बोलताना त्याची नजर कनातीकडे वळत होती. तेथे पेटीवर कोणी सूर धरून पाहत होता. बैल टेम्पोत चढले, फळी लागली, आणि पुतण्या मागे त्यांच्यापाशी उभा राहिला. भाच्याने आमच्यासाठी पुढल्या रांगेत चटई टाकून ठेवली होती.